इंटरनेटचे सांधे आणि सरकारचा हात

इंटरनेट म्हणजे एकच एक जाळे नव्हे. जगभरातील हजारो स्वतंत्र जाळी ठरावीक नियमांनी एकमेकांना जोडलेली आहेत. त्यातले एखादे जाळे दूरसंचार कंपनीचे असते, एखादे विद्यापीठाचे, बँकेचे, गूगलसारख्या कंपनीचे किंवा सरकारी खात्याचे. या सगळ्यांचा कोणी एक मालक नाही आणि सगळ्यांना चालवणारे एखादे मुख्य यंत्रही कुठे बसवलेले नाही. तरीही एका आदेशाने जिल्हाभर नेट बंद पडते, एखादे संकेतस्थळ रातोरात देशभर उघडेनासे होते आणि कोणता ग्राहक केव्हा कुठे जोडला गेला होता याची नोंद तपास यंत्रणांना मागवता येते. मालक नसलेल्या या व्यवस्थेवर एवढा अंमल चालतो, कारण जाळी जिथे एकमेकांना मिळतात ते सांधे इंटरनेट सेवा पुरवठादारांच्या ताब्यात असतात आणि पुरवठादार सरकारी परवान्याने बांधलेले असतात. म्हणून इंटरनेटवरचे सरकारी नियंत्रण समजून घ्यायचे तर आधी ही जोडणी समजून घ्यावी लागते.

जाळे जाळ्याला कसे मिळते

स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या जाळ्याला एक क्रमांक दिलेला असतो. त्याला स्वायत्त प्रणाली क्रमांक म्हणतात. जगात असे सत्तर हजारांहून अधिक क्रमांक प्रत्यक्ष वापरात आहेत. क्रमांकाबरोबर त्या जाळ्याला आयपी पत्त्यांचे गट मिळतात. हे वाटप पाच प्रादेशिक संस्था करतात. आशिया-पॅसिफिक विभागाचे काम ब्रिस्बेन येथील एपनिक ही संस्था पाहते आणि भारतात तिच्या अखत्यारीत आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था काम करते.

आपल्याकडे कोणते पत्ते आहेत आणि आपल्यामार्फत कुठवर पोहोचता येते, हे प्रत्येक जाळे शेजारच्या जाळ्याला सतत कळवत असते. शेजारी ती माहिती पुढच्याला देतो. अशा रीतीने थोड्याच वेळात जगभरातील राउटरना कोणत्या पत्त्यासाठी कोणता मार्ग धरायचा ते कळते. हे कळवण्याच्या नियमांचा संच बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजे बीजीपी, या नावाने ओळखला जातो. कर्क लॉहीड आणि याकोव रेख्टर या अभियंत्यांनी १९८९ मध्ये त्याचा पहिला आराखडा केला. सुधारलेल्या रूपात तोच आजही वापरात आहे.

बीजीपीचा पाया विश्वासाचा आहे. एखाद्या जाळ्याने 'हे पत्ते माझे' असे जाहीर केले की शेजारी सहसा ते खरे मानतो. शिवाय दोन मार्ग उपलब्ध असतील तर ज्या मार्गाची घोषणा पत्त्यांच्या अधिक लहान, नेमक्या गटासाठी आहे तो राउटर निवडतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी या दोन गोष्टींचा परिणाम साऱ्या जगाने अनुभवला. पाकिस्तानच्या दूरसंचार प्राधिकरणाने यूट्यूब बंद करण्याचा आदेश दिला होता. तो पाळण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबचे २५६ पत्ते आपलेच असल्याची घोषणा आपल्या जाळ्यात केली. देशातील ग्राहकांची मागणी तिथेच जिरून जावी, एवढाच हेतू होता. पण ती घोषणा हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीकडे गेली आणि तिथून जगभर पसरली. यूट्यूब स्वतः १०२४ पत्त्यांचा मोठा गट जाहीर करत असे. लहान गटाची घोषणा वरचढ ठरली आणि सुमारे दोन तास अनेक देशांत यूट्यूब मिळेना. एका देशापुरता दिलेला आदेश सांध्यावर नीट अडवला नाही तर तो सीमा ओलांडतो, हे या घटनेने दाखवले. अशा खोट्या घोषणा ओळखता याव्यात म्हणून पत्त्यांच्या मालकीची डिजिटल प्रमाणपत्रे देण्याची पद्धत त्यानंतरच्या काळात रूढ होत गेली.

विकत घेतलेली वाट आणि बरोबरीची देवाणघेवाण

दोन जाळ्यांमधले व्यवहार मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला ट्रान्झिट. यात लहान पुरवठादार मोठ्या पुरवठादाराला पैसे देतो आणि मोठा त्याला उरलेल्या सर्व इंटरनेटपर्यंत पोहोचवतो. गल्लीतला केबलवाला जेव्हा ब्रॉडबँड देतो, तेव्हा तो बहुधा शहरातल्या किंवा राज्यातल्या एखाद्या परवानाधारक कंपनीची जोडणी विकत असतो. ती कंपनी राष्ट्रीय पातळीवरच्या कंपनीकडून क्षमता विकत घेते आणि ही साखळी थेट समुद्राखालच्या केबलपर्यंत जाते. सगळ्यात वर मोजक्याच कंपन्या असतात. त्यांना ट्रान्झिट कुणाकडूनच विकत घ्यावे लागत नाही. मुंबईत मुख्यालय असलेली टाटा कम्युनिकेशन्स ही त्यांपैकी एक मानली जाते.

दुसरा प्रकार पीअरिंग. साधारण तुल्यबळ असलेली दोन जाळी आपापल्या ग्राहकांपुरती वाहतूक एकमेकांना थेट देतात आणि सहसा पैसे आकारत नाहीत. दोघांचाही ट्रान्झिटचा खर्च वाचतो आणि ग्राहकाला वेग मिळतो. प्रत्येकाने प्रत्येकाशी वेगळी तार ओढणे परवडणारे नसते, म्हणून अनेक पुरवठादार एका इमारतीतल्या सामायिक स्विचला येऊन जोडले जातात. या जागेला इंटरनेट एक्स्चेंज म्हणतात.

भारतात सुरुवातीला असे एक्स्चेंज नव्हते. त्यामुळे मुंबईतल्या एका पुरवठादाराच्या ग्राहकाने शेजारच्याच इमारतीतल्या, पण दुसऱ्या पुरवठादाराच्या ग्राहकाला पाठवलेला संदेश कित्येकदा परदेशात जाऊन परत येई आणि त्या प्रवासाचे परकीय चलनात पैसे मोजावे लागत. हे टाळण्यासाठी २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही ना-नफा कंपनी सरकारच्या पुढाकाराने स्थापन झाली. नोएडा, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता ही तिची पहिली केंद्रे. मात्र बराच काळ तिथे फक्त परवानाधारक पुरवठादारांनाच प्रवेश होता आणि जो माहिती मागवतो त्याने पैसे द्यायचे असा नियम होता. लहान पुरवठादारांचे ग्राहक पाहतात जास्त आणि पाठवतात कमी, त्यामुळे या नियमाचा भार लहानांवरच पडे. पुढे खासगी एक्स्चेंज आली. त्यातले मुंबईतले डीई-सिक्स झपाट्याने वाढले. तिथे दूरसंचार कंपन्यांबरोबर व्हिडिओ व समाजमाध्यम कंपन्यांची जाळीही थेट जोडली जातात. या मोठ्या कंपन्या लोकप्रिय मजकुराच्या प्रती साठवणारे सर्व्हर पुरवठादारांच्या केंद्रांतही ठेवतात. त्यामुळे नाशिक किंवा कोल्हापुरात पाहिलेला व्हिडिओ बहुधा अमेरिकेहून येत नाही, जवळच्याच एखाद्या केंद्रातून येतो.

देशाबाहेरची वाहतूक मात्र जवळजवळ सगळी समुद्राखालच्या केबलमधून होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०२३ मधील नोंदीनुसार भारताच्या किनाऱ्यावर १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ लँडिंग स्टेशनांवर उतरत होत्या. ही स्टेशने मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरीन आणि तिरुवनंतपुरम या पाचच शहरांत होती. मुंबईत येणाऱ्या बऱ्याच केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. इतक्या थोड्या जागांवर भिस्त ठेवण्यातला धोका जानेवारी २००८ मध्ये दिसला. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातल्या इंटरनेटचा मोठा हिस्सा मंदावला.

ज्याच्या हाती लँडिंग स्टेशन, त्याच्या हाती स्पर्धकांची नाडी असते. पूर्वी स्टेशनचा मालक इतरांकडून मनमानी दर घेऊ शके. म्हणून ट्रायने २००७ मध्ये नियम करून स्टेशनच्या मालकाने इतर पात्र कंपन्यांना रास्त दराने प्रवेश द्यावा असे ठरवले. सरकारने सांध्यावर हात ठेवला की तो नेहमी गळचेपीसाठीच असतो असे नाही. बाजारातल्या बलवंताला आवरण्यासाठीही त्याची गरज पडते.

तारेच्या मक्तेदारीपासून परवान्यापर्यंत

भारतातील नियंत्रणाचे मूळ १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात आहे. तारायंत्रणा उभारण्याचा व चालवण्याचा एकमेव अधिकार सरकारचा आणि इतरांना तो परवान्यानेच मिळेल, अशी तरतूद त्या कायद्याच्या चौथ्या कलमात होती. ब्रिटिश सरकारने आपल्या सोयीसाठी केलेली ही तरतूद स्वतंत्र भारतात टेलिफोनला लागू राहिली आणि पुढे इंटरनेटलाही लागू झाली.

देशातले पहिले संगणकजाळे शिक्षणसंस्थांचे होते. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. त्यात पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी यांचा सहभाग होता. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत ही सेवा सुरू केली. तेव्हा पुरवठादार एकच होता आणि तो सरकारचाच होता. परदेशी जोडणीचे दारही त्याच्याच हाती होते.

नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. परवान्यांचे तीन वर्ग करण्यात आले. अ वर्ग संपूर्ण देशासाठी, ब वर्ग एका दूरसंचार परिमंडळासाठी किंवा महानगरासाठी आणि क वर्ग साधारण एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी. २०१३ मध्ये एकीकृत परवाना आला तरी हे वर्ग टिकले. याच काळात तालुक्याच्या गावांपर्यंत शेकडो लहान पुरवठादार उभे राहिले. आता १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ आला असून त्याच्या काही भागांची अंमलबजावणी २६ जून २०२४ पासून सुरू झाली. परवान्याऐवजी 'प्राधिकृती' हा शब्द आला. संदेश अडवण्याचे आणि सेवा थांबवण्याचे सरकारचे अधिकार मात्र नव्या कायद्यातही कायम आहेत.

परवान्यात बऱ्याच अटी असतात. तपास यंत्रणांना कायदेशीर आदेशानुसार देखरेख करता येईल अशी सोय पुरवठादाराने स्वखर्चाने करून द्यावी लागते. डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीनुसार ग्राहकांच्या जोडण्यांच्या नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. जुन्या इंटरनेट परवान्यात तर परवानगीशिवाय ४० बिटांहून मोठ्या किल्लीचे कूटलेखन वापरू नये अशीही अट होती. बँकांचे व्यवहार त्याच काळात १२८ बिटांच्या कूटलेखनाने सुरक्षित केले जात होते.

अडवणे, थांबवणे, ऐकणे

सरकार पुरवठादारांमार्फत तीन प्रकारे हस्तक्षेप करते. पहिला प्रकार ठरावीक मजकूर किंवा संकेतस्थळ अडवण्याचा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६९अ हा त्याचा आधार आहे. देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी, किंवा यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याची चिथावणी रोखण्यासाठीच, केंद्र सरकारला हा अधिकार वापरता येतो. २००९ च्या नियमांनुसार आंतरमंत्रालयीन समिती प्रस्तावाची छाननी करते. तातडीच्या प्रसंगी आदेश आधी निघतो आणि छाननी नंतर होते. जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ चिनी ॲप याच कलमाखाली बंद झाली.

आदेश कागदावर नेमका असला तरी तारेवर तो नेमका राहत नाही. २००३ मध्ये मेघालयातील एका फुटीरतावादी संघटनेशी जोडलेला याहूवरील एकच गट बंद करण्याचा आदेश निघाला. तेवढाच गट वेगळा काढता येईना, म्हणून पुरवठादारांनी याहूची सगळी गट-सेवाच बंद केली. जुलै २००६ मध्ये, मुंबईच्या लोकलमधील बॉम्बस्फोटांनंतरच्या दिवसांत, मोजकी पाने अडवण्याचा आदेश आला आणि अनेक पुरवठादारांकडे संपूर्ण ब्लॉगस्पॉट उघडेनासे झाले. डिसेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून ३२ संकेतस्थळे अडवली गेली. त्यांत जगभरचे संगणक प्रोग्रॅमर रोज वापरतात ते गिटहब आणि व्हिडिओंचे व्हिमिओही होते. पुढे ती खुली करण्यात आली.

याचे कारण तांत्रिक आहे. पुरवठादार मुख्यतः तीन ठिकाणी अडथळा घालू शकतो. संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरमध्ये खोटे उत्तर ठेवता येते. थेट आयपी पत्ता अडवता येतो, पण एकाच पत्त्यावर अनेक संकेतस्थळे असतील तर निर्दोषही अडतात. तिसऱ्या पद्धतीत जोडणी सुरू होताना दिसणारे संकेतस्थळाचे नाव वाचून ती तोडता येते. आज बहुतेक वाहतूक कूटबद्ध असल्याने पुरवठादाराला संकेतस्थळाचे नाव कळते, त्यातले पान कळत नाही. म्हणून एका पानासाठी काढलेल्या आदेशाचा फटका अख्ख्या संकेतस्थळाला बसतो.

दुसरा प्रकार सेवाच थांबवण्याचा, म्हणजे नेटबंदीचा. २०१७ पूर्वी जिल्हाधिकारी अनेकदा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली असे आदेश काढत. २०१७ मध्ये स्वतंत्र नियम झाले आणि हा अधिकार केंद्रीय किंवा राज्याच्या गृहसचिवांकडे गेला. अॅक्सेस नाऊ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मोजणीत २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे सर्वाधिक नेटबंदी भारतात झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये लादलेली बंदी सगळ्यात दीर्घ ठरली. तिथे फोर-जी सेवा पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. नेटबंदीत अफवा पसरवणाऱ्यांबरोबर रुग्णालये, परीक्षार्थी, यूपीआयवर विकणारे भाजीवाले आणि घरून काम करणारे असे सगळेच अडकतात.

तिसरा प्रकार संदेश ऐकण्या-वाचण्याचा. १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फोन ऐकण्यासाठी सुरक्षेचे निकष घालून दिले. आदेश गृहसचिवांचा असावा, मुदतीचा असावा आणि आढावा समितीपुढे जावा. इंटरनेटसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६९ खालच्या २००९ च्या नियमांत साधारण हीच चौकट आहे.

सांधे मोजके असले की

नियंत्रण किती सहज चालेल हे बरेचसे जोडणीच्या रचनेवर ठरते. इजिप्तमध्ये जानेवारी २०११ च्या आंदोलनात सरकारने पुरवठादारांना बंदीचा आदेश दिला. २७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर मोठ्या पुरवठादारांनी आपल्या मार्गांच्या घोषणा एकामागून एक मागे घेतल्या. सुमारे साडेतीन हजार मार्ग नाहीसे झाले आणि आठ कोटींचा देश काही मिनिटांत जवळजवळ पूर्णपणे इंटरनेटबाहेर गेला. सेवा परतली २ फेब्रुवारीला. देशाबाहेर जाणाऱ्या वाटा मोजक्या कंपन्यांच्या हाती असल्यामुळे थोड्या कंपन्यांना दिलेला आदेश पुरेसा ठरला. चीनमध्ये आंतरराष्ट्रीय जोडण्या सरकारी मालकीच्या कंपन्यांच्याच हाती असल्याने तिथली गाळणी थेट या दारांवर बसवता आली.

भारतात पुरवठादार शेकडो आहेत, केबल अनेक आहेत, एक्स्चेंज अनेक शहरांत आहेत. त्यामुळे सगळा देश एका कळीने बंद करणे इथे अवघड आहे. पण ग्राहकांच्या बाजूने पाहिले तर मोबाइल इंटरनेट मोजक्या कंपन्यांकडे एकवटले आहे आणि बहुतेक लोकांसाठी मोबाइल हेच इंटरनेट आहे. जिल्हा पातळीवरची नेटबंदी इतकी सहज अमलात येते ती यामुळे.

कायद्याचा लगाम

परवाना टिकवायचा असल्याने पुरवठादार आदेशाला सहसा हरकत घेत नाही. म्हणून अधिकाराला लगाम घालण्याचे काम न्यायालयांवर आणि नियामकांवर येते. २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी अशा मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६अ रद्द केले. कलम ६९अ मात्र कायम राहिले, कारण त्यात कारणे ठरलेली आहेत आणि ती लेखी नोंदवावी लागतात. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन खटल्यातील निकालाने इंटरनेटवरून होणाऱ्या अभिव्यक्तीला आणि व्यवसायाला घटनेचे संरक्षण असल्याचे मान्य केले. अनिश्चित काळाची बंदी बेकायदा ठरवली आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करण्यास सांगितले. त्याच वर्षी नियम दुरुस्त होऊन एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवसांवर आली. २०२४ च्या नव्या नियमांतही ही मर्यादा आणि आदेश प्रसिद्ध करण्याची अट आहे.

पुरवठादाराच्या स्वतःच्या मनमानीलाही आवर हवा होता. ठरावीक संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे देऊन, अशा योजनांवर ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी बंदी घातली आणि फेसबुकची फ्री बेसिक्स योजना भारतात थांबली. वाट देणाऱ्याने वाटसरूंत भेद करू नये, हे नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व सरकारने २०१८ मध्ये स्वीकारून परवान्यातही घातले.

या चौकटीत दोन उणिवा ठळक आहेत. कलम ६९अ खालचे आदेश गोपनीय ठेवण्याची तरतूद नियमांतच असल्याने ज्याचा मजकूर अडवला त्याला बऱ्याचदा कारणही कळत नाही आणि न कळलेल्या आदेशाला आव्हान देणे कठीण होते. नेटबंदीचा व संदेश ऐकण्याचा आढावा घेणाऱ्या समित्यांत सचिव दर्जाचे अधिकारीच असतात, न्यायाधीश नसतात. म्हणजे शासनाच्या आदेशाची तपासणी शासनच करते. जोडणी आहे तोवर सांधे राहणार आणि सुरक्षिततेसाठी सरकारला तिथे हात घालण्याची वेळही कधीतरी येणार. तो अधिकार नागरिकांना मान्य व्हायचा असेल, तर प्रत्येक आदेश लेखी, मुदतीचा, शक्य तितका नेमका आणि प्रसिद्ध केलेला असला पाहिजे आणि त्याची तपासणी शासनाबाहेरच्या कुणाकडे तरी असली पाहिजे.